हार्ड डिस्क वाचवायची की ओव्या?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका खेड्यात राहतो. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो, आता गावच्या वाचनालयाचं काम बघतो. वाचनालयाची एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क माझ्याकडे असते. तिच्यावर आमच्या गावच्या साहित्य संमेलनांची चित्रीकरणं आहेत, स्मरणिकांच्या डीटीपीच्या फायली आहेत आणि मी घरोघरी जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. माझ्या शेताचे जुने कागदही स्कॅन करून त्यातच ठेवलेत.

गणपतीत पुतण्याने ती भिंतीवरच्या टीव्हीला लावून सगळ्यांना फोटो दाखवले आणि नंतर तशीच ओढून काढली. तेव्हापासून लॅपटॉपला लावली की निळा दिवा लागतो, पण बराच वेळ काहीच दिसत नाही. मग कधी ‘फॉरमॅट करा’ म्हणून विचारतं. कधी फोल्डर उघडतात, पण फाईल कॉपी करायला घेतली की मध्येच थांबतं आणि ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असं येतं. पुतण्या म्हणतो, फॉरमॅट करू आणि मग सॉफ्टवेअरने सगळं परत आणू. बेळगावातला दुकानदार म्हणतो, चेकडिस्क मारून उद्या देतो. एकाने तर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली. डिस्क अजून वॉरंटीत आहे. ज्यांच्या ओव्या घेतल्या त्यातल्या काही आज्या आता नाहीत. कुणाचं ऐकू, सांगा बघू.

— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तिघांपैकी कुणाचंही आत्ता ऐकू नका. डिस्क लॅपटॉपला लावलेली असेल तर काढून ठेवा आणि हे पूर्ण वाचून होईपर्यंत पुन्हा लावू नका. बिघडू लागलेली डिस्क जितका वेळ चालू राहते तितकी ती आणखी बिघडते. त्यामुळे तिचे जे काही तास शिल्लक असतील ते आपल्याला जपून वापरायचे आहेत.

पुढची सगळी उत्तरं एकाच गोष्टीवरून ठरतात: तुम्हाला डिस्क दुरुस्त करून हवी आहे की आतलं सामान परत हवं आहे? दोन्ही कामं वेगळी आहेत आणि बऱ्याचदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. दुकानदार डिस्क दुरुस्त करायला निघालाय, पुतण्याही तेच करतोय. तुमचं पत्र वाचून मला तरी वाटतं की तुम्हाला डिस्कचं काही पडलेलं नाही. नवी डिस्क पैसे टाकले की मिळते. तेव्हा पहिला नियम असा की या डिस्कवर आता एक अक्षरही नव्याने लिहिलं जाता कामा नये. तिच्यावरून फक्त वाचून घ्यायचं.

चेकडिस्कला मी नको म्हणतो ते यासाठीच. डिस्क तपासून दुरुस्त करायची विंडोजची ही सोय वाईट नाही, धडधाकट डिस्कवर ती कामाची आहे. पण दुरुस्तीचा पर्याय देऊन ती चालवली की ती डिस्कवर लिहायला लागते. जिथे हिशेब जुळत नाही तिथल्या नोंदी ती तोडते आणि जे तुकडे उरतात ते ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेल्या फायली करून टाकते. शिवाय खराब जागा शोधायला सांगितलं तर अख्खी डिस्क काठापासून काठापर्यंत वाचत बसते. आजारी डिस्कला हा ताण सोसत नाही. दुकानदाराचा हेतू चांगला असेल, पण ‘उद्या देतो’ या दोन शब्दांतच कळतं की त्याने डिस्कवर काय आहे हे विचारलेलं नाही.

पुतण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून त्याच्यावर रागावू नका. क्विक फॉरमॅटमध्ये आतला मजकूर लगेच पुसला जात नाही, फक्त कुठे काय आहे याची यादी नवी कोरी होते. तलाठ्याचं दप्तर जळालं तरी शिवारातली जमीन जागेवरच असते, तसं. त्यामुळे चांगल्या डिस्कवर चुकून फॉरमॅट झालं तर पुष्कळ काही परत मिळतं. पण दप्तर अजून अर्धंमुर्धं शाबूत असताना ते स्वतःच्या हाताने कशाला जाळायचं? आणि घाईत क्विकची खूण काढली गेली तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळीकडे शून्यं लिहिणं. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर काही परत आणू शकत नाही. ‘यू नीड टू फॉरमॅट’ अशी चौकट आली की ‘कॅन्सल’. ‘इनिशियलाइझ डिस्क’ असं विचारलं तरी ‘कॅन्सल’. ‘स्कॅन अँड फिक्स’ म्हटलं तरी तेच.

फ्रीजरचा उपाय तर डोक्यातूनच काढून टाका. डिस्कच्या आत चकत्यांवरून वाचणारं टोक काही नॅनोमीटर उंचीवरून फिरत असतं. फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूवर दव धरतं हे आपण रोज बघतो. त्या दवाचा एक कण आत चकतीवर धरला तरी टोक त्यावर आपटतं आणि चकती खरवडली जाते. डिस्कचं झाकण घरी उघडून बघण्याचा मोहही कुणाला होऊ देऊ नका. त्या उंचीपुढे धुळीचा साधा कण म्हणजे डोंगर.

आता बिघाड कुठे असेल ते बघू. तुम्ही लिहिलेल्या खुणा दोन वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत. फॉरमॅटची चौकट येते ती बहुधा डिस्क ओढून काढल्यामुळे. टीव्ही किंवा संगणक डिस्कवर काही लिहीत असताना ती निघाली की फायलींची यादी अर्धवट राहते. ती डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर हा धोका जास्त, कारण त्यात एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीसारखी बदलांची वही नसते, जिच्यावरून अर्धवट राहिलेलं काम मागाहून सावरता येतं. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’चा अर्थ मात्र वेगळा. डिस्कने तिथे ठेवलेला मजकूर वाचला, पडताळणीचा आकडा जुळवून बघितला आणि तो जुळला नाही. म्हणजे एक तर चकतीवरची ती जागा खराब झाली, किंवा मजकूर वायरमधून येताना बिघडतोय. भिंतीवरच्या टीव्हीला लावली होती म्हणता, तेव्हा ती केबलवर लोंबकळत होती का हे पुतण्याला विचारा. फिरती डिस्क भिंतीवर आपटली किंवा खाली पडली असेल तर ते त्याला खरं सांगू द्या. ‘ओरडणार नाही’ असं आधी सांगूनच विचारा, कारण त्या उत्तरावर पुढचा मार्ग ठरणार आहे.

पहिली तपासणी कानाने करायची. पंखा, टीव्ही बंद करा, डिस्क टेबलावर आडवी ठेवा, केबल लावा आणि कान जवळ नेऊन ऐका. आधी हलकी घूं, मग बारीक किरकिर आणि मग शांतपणे फिरण्याचा एकसारखा आवाज आला तर ठीक. पण ‘टक्... टक्... टक्’ असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल तर टोकाला आपली जागा सापडत नाहीये. बारीक ‘पीं पीं’ येत असेल तर मोटर फिरू शकत नाहीये. बऱ्याचदा टोक चकतीला चिकटलेलं असतं, कधी नुसती वीज कमी पडत असते. टकटक आली तर त्याच क्षणी केबल काढा. ‘पीं पीं’ आली तर एकदाच दुसऱ्या केबलवर लावून बघा आणि तरीही आली तर थांबा. मग खालचं काहीही घरी करायचं नाही, थेट डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्या लॅबचा रस्ता. त्याबद्दल पुढे लिहितो.

आवाज नीट असेल तर संशयित क्रमांक एक म्हणजे केबल. अशा छोट्या डिस्कला वेगळा चार्जर नसतो, ती यूएसबीमधूनच वीज घेते. जुना यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा तिला सगळ्यात जास्त वीज लागते. पोर्ट सैल, केबल लांब किंवा मध्ये हब असला की ती तिथेच धापा टाकते, दिवा लागतो पण डिस्क नीट फिरत नाही. तुमच्या डिस्कच्या केबलचं टोक रुंद आणि चपटं, दोन भाग जोडल्यासारखं असेल. ते टोक लवकर सैल होतं आणि भिंतीवरून लोंबकळल्यावर तर होतंच. आपल्याकडे, त्यातून खानापूर-जांबोटीच्या पावसात, कपाटातल्या वस्तूंना चार महिने ओल लागते. टोकाच्या आतली पितळी पट्टी काळपट किंवा हिरवट झालीय का बघा. खरवडू नका, पिन घालू नका, केबल सरळ बदला. आखूड आणि बऱ्यापैकी जाड घ्या. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि डिस्क थेट त्याच्या पोर्टमध्ये लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. नुसत्या केबलने सगळं सुटल्याची प्रकरणं इतकी असतात की हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये बघा. ‘स्टार्ट’च्या बटणावर उजवी क्लिक केली की ते यादीत दिसतं. तिथे नुसतं बघायचं, काही दाबायचं नाही. डिस्कचा आकार ९३१ जीबी दिसला तर घाबरू नका. एक टीबीची डिस्क विंडोज तशीच दाखवतं. आकार बरोबर, नावही बरोबर आणि फक्त ‘डी’, ‘ई’ असं अक्षर दिलेलं नाही असं असेल तर उजवी क्लिक करून अक्षर द्या, फोल्डर उघडतील. आकार बरोबर पण पुढे ‘रॉ’ लिहिलंय, तर यादी बिघडलीय आणि मजकूर बहुतेक जागेवर आहे. आकार दिसतच नाही किंवा भलताच दिसतो, तर दुखणं डिस्कच्या अंगातच आहे.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं. निळा रंग म्हणजे बरी, पिवळा म्हणजे सावध, तांबडा म्हणजे गेली. काही डिस्कच्या यूएसबीच्या जोडणीतून ही माहिती बाहेरच येत नाही, तेव्हा काही दिसलं नाही तर नाद सोडा. दिसली तर रंगावर न थांबता चार ओळी शोधा. ‘०५’ म्हणजे खराब ठरवून ज्यांच्याऐवजी राखीव जागा वापरली अशा जागा. ‘सी ५’ म्हणजे ज्या वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय अशा जागा. ‘सी ६’ म्हणजे डिस्कने स्वतः तपासून न सुधारणाऱ्या ठरवलेल्या जागा. ‘सी ७’ म्हणजे वाटेत, जोडणीत बिघडलेले निरोप. आकडे मूळ मांडणीत सोळाच्या पद्धतीने दिसतात, तेव्हा त्यात इंग्रजी अक्षरं आली तर चक्रावू नका. पहिल्या तिन्ही ओळींत शून्य आणि फक्त ‘सी ७’ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कच्या प्लास्टिकच्या डब्यातल्या जोडणीचा. ‘सी ५’ मध्ये काही आकडा असेल तर तुमच्या सायक्लिक रिडंडन्सीचं मूळ सापडलं. तो आकडा आज लिहून ठेवा आणि उद्या पुन्हा बघा. वाढला असेल तर हातात वेळ थोडा आहे.

या टप्प्याला आलात की एक कागद घ्या आणि डिस्कवर काय काय आहे ते लिहा. पण महत्त्वानुसार लिहू नका. जगात दुसरीकडे कुठेच नाही त्याला पहिला नंबर द्या. शेताचे कागद तुम्हाला फार मोलाचे वाटत असतील आणि ते आहेतच. १९५६ च्या आधीच्या मुंबई राज्यातले मराठी, मोडी कागद आपल्या भागात किती घरांचा आधार आहेत हे मला माहीत आहे. पण त्यांचे मूळ कागद ट्रंकेत आहेत ना? मग ते पुन्हा स्कॅन होतील. उतारे तर तहसीलदार कचेरीतून पुन्हा निघतात. संमेलनाचं चित्रीकरण ज्याने केलं त्याच्याकडे मूळ कार्ड किंवा जुनी डिस्क असू शकते. वाचनालयाच्या ग्रुपवर आजच निरोप टाका. ग्रंथदिंडीचे, कविसंमेलनाचे फोटो पन्नास जणांच्या फोनमध्ये निघतील. स्मरणिका छापणाऱ्याकडे फायली असतील, नसल्या तरी छापील प्रत वाचनालयात आहे.

ओव्यांना मात्र दुसरी प्रत नाही. म्हणून त्या पहिल्या. ज्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या तो जुना फोन घरात कुठे ड्रॉवरमध्ये पडलाय का हे डिस्कला हात लावायच्या आधी शोधा. त्याचं मेमरी कार्ड मिळालं तर त्याच्यावरही नवं काही लिहू नका. पुसलेल्या फायली कार्डावरून निघू शकतात.

फोल्डर अजूनही अधूनमधून उघडतात असं लिहिलंत, त्यात आशा आहे. केबल बदलल्यावर आवाज ठीक असेल आणि ‘सी ५’ लहान असेल तर एक नवी डिस्क आणा, दोन टीबीची असेल तर उत्तम. ओव्यांचं फोल्डर आधी, एकट्याने कॉपी करा. सगळं निवडून एकदम ओढू नका. फोल्डर उघडताना चित्रांची मांडणी ठेवू नका, ‘लिस्ट’ ठेवा. नाहीतर विंडोज प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र बनवायला डिस्क उगीच पळवत राहतं. एखाद्या फाईलवर अडकलं की ती सोडा, पुढची घ्या. अडकलेलीची नोंद कागदावर. विंडोजमधली रोबोकॉपी वापरणारा कुणी भेटला तर त्याला आठवण करा की तिची मूळ सवय एका फाईलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करायची आहे, दर वेळी ३० सेकंद थांबून. तो आकडा एकावर आणल्याशिवाय ती सुरू करायची नाही.

‘रॉ’ दिसत असेल किंवा ‘सी ५’ मोठा असेल तर फाईल-फाईल कॉपी करण्याच्या भानगडीत पडू नका. तेव्हा अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी लागते. त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे लिनक्सवरचं फुकट साधन आहे, ‘सिस्टमरेस्क्यू’च्या पेनड्राइव्हवरून ते चालतं. त्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. ते आधी सहज वाचता येतं तेवढं सगळं उचलून घेतं, अवघड जागा सोडून देतं आणि मागाहून त्यांच्याकडे वळतं. म्हणजे डिस्क मध्येच मेली तरी तोवर जास्तीत जास्त हाती आलेलं असतं. कुठपर्यंत काम झालं याचा नकाशाही ते एका फाईलमध्ये लिहीत जातं. आपल्याकडे पावसात करंट कधी जाईल सांगता येत नाही. करंट आल्यावर काम पहिल्यापासून करावं लागत नाही, नकाशावरून पुढे चालू होतं. तरी डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या, लॅपटॉप असेल तर त्याला झोपी जाऊ देऊ नका. धडधाकट एक टीबीची प्रतिमा साधारण तीन तासांत होते, आजारी डिस्कला दिवसही लागतात. एकच खबरदारी जिवापाड घ्यायची: कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं ही दोन नावं उलटी पडली तर नवी कोरी डिस्क जुनीवर लिहिली जाते आणि सगळं जातं. ज्याने हे आधी केलेलं नाही त्याने तुमच्या डिस्कवर शिकू नये. बेळगावात इंजिनिअरिंगची मुलं पुष्कळ आहेत, तुमचाच एखादा विद्यार्थी त्यात असेल. ज्याला लिनक्स खरोखर येतं असा शोधा, त्याला घरी बोलवा आणि शेजारी बसा.

प्रतिमा हाती आली की मूळ डिस्क कपड्यात गुंडाळून ठेवून द्या. पुढचे सगळे प्रयोग प्रतिमेवर. यादी सुधारायला ‘टेस्टडिस्क’, तीही फुकट. त्याने जमलं तर फोल्डर नावांसकट परत येतात. नाही जमलं तर ‘फोटोरेक’ मजकुराच्या ठेवणीवरून फायली ओळखून काढतं, पण नावं परत देत नाही. तेव्हा ‘सीताकाकू, दळण, पहाट’ असं तुम्ही दिलेलं नाव जाऊन त्या जागी आकड्यांची माळ येईल. ते झालं तर हताश होऊ नका. हेडफोन लावून एकेक ऐकत पुन्हा नावं द्यायचं काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. कुणाचा आवाज कुणाचा, मागे कुठल्या वाड्यातलं जातं, कुठली सून हसली हे तुम्हालाच कळणार.

आता लॅबचं. टकटक आली, डिस्क पडली असल्याचं कळलं किंवा आकारच दिसत नसला तर घरच्या उपायांचा काही उपयोग नाही. तिथे धूळरहित खोलीत टोक बदलण्यासारखी कामं करावी लागतात आणि ती बाजारातल्या साध्या दुकानात होत नाहीत. खडेबाजारातल्या किंवा किर्लोस्कर रोडवरच्या दुकानदाराला प्रामाणिकपणे विचारा: तुम्ही इथेच करणार की पुढे पाठवणार? पुढे पाठवणार असेल तर कुठे? पुणे आणि बेंगळुरूला अशा लॅब आहेत. जिथे काम होणार तिथल्यांशी थेट बोलणं बरं. तपासणीचे पैसे किती, काही निघालं नाही तर किती द्यायचे, पैसे घेण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवणार का, झाकण उघडण्याआधी विचारणार का, हे लेखी घ्या. पावतीवर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या. बोलणं कानडीत होवो नाहीतर मराठीत, पावती तुम्हाला वाचता येईल अशी मागण्यात काही गैर नाही. दर फार वेगवेगळे असतात, म्हणून दोन ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणू नका. एकदा एकाने आत हात घातला की दुसऱ्याचं काम अवघड होतं, हेही लक्षात ठेवा. न्यायची झाली तर फेसाळ प्लास्टिकात गुंडाळून हातातल्या पिशवीत न्या, एसटीच्या डिकीत टाकू नका.

एक गोष्ट डब्याबद्दल. कुणी म्हणेल, प्लास्टिकचा डबा उघडून आतली डिस्क दुसऱ्या डब्यात घालू. काही डिस्कमध्ये हे जमतं. पण काहींमध्ये यूएसबीचा पोर्ट डिस्कच्या सर्किटच्या पाटीवरच बसवलेला असतो, आणि काहींमध्ये मजकूर डब्यातल्या चिपमार्फत सांकेतिक करून ठेवलेला असतो, पासवर्ड लावलेला नसला तरीही. मग डबा बदलला की उलट काहीच वाचता येत नाही. शिवाय वॉरंटी जाते.

वॉरंटीचा तर आत्ता विचारच करू नका. कंपनी वॉरंटीत डिस्क बदलून देते, आतला मजकूर देत नाही. तुमची डिस्क त्यांच्याकडे जाते, तुम्हाला दुसरी मिळते. मुदत संपत आली म्हणून घाईने पाठवली तर ओव्या तिच्याबरोबर जातील. मुदत गेली तरी चालेल.

सगळं निघालं असं धरून पुढचं. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक वाचनालयाच्या कपाटात, एक बेळगावातल्या नातेवाइकाकडे, एक इंटरनेटवर. बोललेला आवाज ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत केला तर तासाला जेमतेम २९ एमबी होतो. म्हणजे गुगलच्या फुकट १५ जीबीत पाचशे तासांच्या वर ओव्या मावतात. मूळ फायली डिस्कवर तशाच ठेवा, ही हलकी प्रत फक्त आडवेळेसाठी. सगळ्यांसाठी खुल्या ठिकाणी टाकायच्या असतील तर त्या बायांना, आणि ज्या नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारून टाका. काही ओव्यांत सासर-माहेरचं असं असतं की ते गावभर व्हावं असं त्यांना वाटणार नाही. पेनड्राइव्हला कायमची प्रत समजू नका, वर्षानुवर्षं पडून राहिला की तो विसरतो. स्मरणिकांच्या फायली श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असतील तर फाँट आत घालून पीडीएफ करून ठेवा, नाहीतर फाईल वाचली तरी अक्षरं वाचता येणार नाहीत. डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा लावून तेच आकडे बघा. टीव्हीवर काही दाखवायचं असेल तर ते पेनड्राइव्हवर घेऊन दाखवा.

तूर्त तुम्ही एवढंच करा: पुतण्याला डिस्क पडली होती का ते विचारा, नवी केबल आणा, आवाज ऐका. आवाज नीट असेल तर ‘०५’, ‘सी ५’, ‘सी ६’ आणि ‘सी ७’ समोरचे आकडे आणि डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा फोटो मला पाठवा. ते बघून प्रतिमा घ्यायची की थेट फोल्डर कॉपी करायचं ते कळवतो. टकटक ऐकू आली तर आकड्यांची वाट बघू नका, केबल काढा आणि तेवढंच लिहून कळवा.